अर्ध्या भाकरीचा सौदा

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात हिल स्टेशन आहे, हे मला माझ्या व्याह्यांनी सांगितलं. तोपर्यंत मी जिवतीला तालुक्याचं गाव समजत होतो. राजुऱ्याहून गडचांदूर, तिथून सिमेंटची धूळ खात घाट चढायचा, की वर पठारावर पत्र्याची घरं, बस स्टँड आणि भरपूर वारा. व्याही तिथेच जन्मले, तिथेच त्यांची पिठाची गिरणी आणि कापूस-तुरीची शेती. त्यांच्या मते महाराष्ट्रात पाहण्यासारखी गावं दोनच. एक जिवती. दुसरं त्यांना अजून आठवलेलं नाही.

मी सावली गावचा, म्हणजे धानाच्या मुलखातला. पोती वाहता वाहता दलाली शिकलो आणि दलाली करता करता राइस मिल टाकली. मला कोणी काही दिलं नाही, हे मी दिवसातून एकदा तरी कोणाला तरी सांगतो. भाव करणं हा माझा धंदा आहे आणि रोगही. दात काढायला गेलो तर एकाच्या पैशात दोन काढा म्हणतो. बायकोनं माझ्यासोबत बाजारात येणं केव्हाच सोडलं.

व्याह्यांवर माझा राग होता आणि तो मी नीट जपून ठेवला होता. लग्नाच्या बैठकीत त्यांनी दोन बस वऱ्हाड सांगितलं. मी घासाघीस करून दोनाची एक केली आणि त्या दिवशी मला झोप फार छान लागली. लग्नाला तीन बस आल्या, आणि त्यांच्यामागे एक ट्रक. भरल्या पंगतीत भात संपला. राइस मिलवाल्याच्या पोरीच्या लग्नात भात संपला, ही गोष्ट सावलीत अजून चवीनं सांगतात. माझ्याकडे धान घेऊन येणारा एखादा म्हातारा वजनकाट्यावर पोतं टाकताना हळूच विचारतो, "मालक, घरच्यापुरता ठेवला ना?" त्यामुळे लग्नानंतर मी जिवतीला एकदाच गेलो होतो, तेही उभ्या उभ्या.

आणि त्या मार्चमध्ये पोरीचा फोन आला. तिची वनरक्षक म्हणून निवड झाली होती. लग्नाआधी भरतीसाठी सावलीच्या मैदानावर पहाटे धावायची, तेव्हा मीच मोटरसायकल घेऊन तिच्या मागे असायचो. आता रुजू व्हायचा हुकूम आला होता, नेमणूक एटापल्लीकडे, सूरजागडच्या डोंगरांच्या अंगाला. आठवड्यात हजर व्हायचं होतं. जावई शाळेत मास्तर आहे, स्वभावानं गरीब. त्याचं उत्तर एकच, "बाबा म्हणतील ते." आणि त्याचे बाबा काहीच म्हणत नव्हते.

"तुमी या," पोरगी म्हणाली. "पण चिडू नका. अन् भाव करू नका."

"मंग येऊन करू काय?"

"बोला. लोक बोलतात तसं बोला."

एक अडचण होती. आमच्याकडे पोरीला लेकरू होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. जुन्या लोकांनी तर हा नियम घरापुरता ठेवला नव्हता, पोरीच्या गावचंच पाणी वर्ज्य. माझे वडील आत्याच्या गावाबाहेरच्या विहिरीवर पोटभर पाणी पिऊन मग वेशीत शिरत आणि दिवेलागणीच्या आत परतत. मी बाकीचे बरेच रिवाज सोडले, कारण त्यांत खर्च होता. हा फुकटचा होता, म्हणून पाळत होतो.

मी तयारीनिशी निघालो. पिकअपमध्ये पाण्याची कॅन घेतली आणि बायकोनं शिदोरी दिली. शिदोरी राजुऱ्यातच संपवली, म्हटलं वर जाऊन कोणापुढे डबा उघडत बसू. घाटात अर्ध्यावर पिकअप तापली. वाफ निघू लागली तेव्हा कॅन रेडिएटरमध्ये रिकामी करण्याशिवाय इलाज नव्हता. माझं दिवसभराचं पाणी गाडी प्यायली आणि लगेच सुरू झाली.

घरी पोचलो तर विहीणबाईंनी गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे ठेवला. मी तांब्याला हात लावला, नमस्कार केला आणि तांब्या परत सरकवला. रिवाजाप्रमाणे झालं. विहीणबाई तांब्या उचलून आत गेल्या आणि आतून भांडी जरा जोरात वाजली.

"इवाई, मले तुमच्याशी बोलाचं हाय," मी सुरुवात केली.

"बोलू की," व्याही उठले. "आधी गाव तर बघा. मागं आलात तवा काहीच बघितलं नाही. जिवतीला येऊन जिवती न बघता जाणं बरं दिसतं का?"

पोरगी दारापर्यंत आली. "बाबा, एक सांगायचं होतं," असं काहीतरी म्हणाली, पण व्याह्यांनी मोटरसायकलला किक मारली होती आणि हॉर्न देत होते. "आल्यावर सांग," मी म्हणालो आणि मागे बसलो.

पहिलं प्रेक्षणीय स्थळ तहसील कार्यालय. व्याह्यांनी गाडी थांबवून मला इमारत दोन्ही बाजूंनी दाखवली. दुसरं स्थळ पाण्याची उंच टाकी. ती कोरडी होती, पण उंच होती. टाकीखाली रिकाम्या हंड्या-गुंडांची रांग लागली होती आणि बायका टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. तिसरं स्थळ बस स्टँड, ज्याच्यासमोरून मी नुकताच आलो होतो.

"पोरीच्या नोकरीचं काय ठरवलं?" मी विचारलं.

"इथून गडचांदूरला दर तासाला गाडी हाय," ते म्हणाले.

ऊन चढत गेलं तशी माझी जीभ टाळूला चिकटायला लागली. चौकात चहाची तीन हॉटेलं होती. हॉटेल काही पोरीचं घर नव्हे, असा हिशेब करून मी एकाकडे वळलो, तर गल्ल्यावरचा माणूस उठून व्याह्यांच्या पाया पडला. पुतण्या होता. दुसरं हॉटेल मावसभावाचं निघालं. तिसऱ्याकडे मी पाहिलं तेव्हा व्याही अभिमानानं म्हणाले, "ते आमच्या मेव्हण्याचं." अख्खं गाव माझ्या पोरीचं सासर होतं. मी म्हटलं, तहान नाही.

"मलाबी नाही," व्याही म्हणाले, पण त्यांनी भजीच्या कढईकडे पाहिलेलं मी पाहिलं. त्यांचाही एक रिवाज होता. पाहुण्याच्या आधी यजमानानं तोंडात घास घालायचा नाही. मी खाल्ल्याशिवाय त्यांना खाता येत नव्हतं आणि मला काही खायचंच नव्हतं. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, दोघांनाही डॉक्टरांनी वेळेवर खायला सांगितलेलं. आम्ही पर्यटन पुढे चालू ठेवलं.

त्या दिवशी बाजार होता. एक बाई बांबूच्या टोपल्या घेऊन बसली होती. मी सवयीनं एक उचलली, बुडाशी बोट दाबून पाहिलं आणि तिच्या भावाच्या निम्मा भाव सांगितला.

"अर्धी टोपली नेता का, भाऊ?" ती म्हणाली. "कापून देतो."

"वीण सैल हाय."

"मंग घट्टवाली पाहा कुठी तरी. बाजार मोठा हाय."

"दुसरीकडं स्वस्त भेटते."

"तिकडं बसून राह्यली असती तर मीबी स्वस्तच देल्ली असती. इथी सावली नाई, भाऊ, उन्हाचे पैसे लागतात."

मला बरं वाटू लागलं होतं. घासाघीस करताना मला भूक लागत नाही. पण तेवढ्यात व्याह्यांनी खिशात हात घातला, तिनं सांगितला तो भाव देऊन टाकला आणि टोपली माझ्या हातात दिली. "पाव्हण्यानं गावात येऊन भाव करू नये," ते म्हणाले. बाईनं माझ्याकडे ज्या दयेनं पाहिलं ते मी अजून विसरलो नाही. पुढचा सगळा दिवस मी ती रिकामी टोपली मांडीवर घेऊन मोटरसायकलवर फिरलो.

मग ते मला पठाराच्या कडेला घेऊन गेले. खाली पळसाचं आणि सागाचं रान उतरत गेलं होतं आणि पलीकडे तेलंगणा धुरकट दिसत होता. "हवा बघा," व्याही म्हणाले. मी हवा पाहिली. "इकडं अशी गावं हायत की दोन्ही राज्यं त्यांना आपली म्हणतात. शाळा दोन. एक मराठीची, एक तेलुगूची, समोरासमोर."

"अन् तुमच्या घरी एक सून हाय, तिले एक नोकरी लागली, तिचं काय?"

"चला, देऊळ राहिलं," ते म्हणाले.

माणिकगडाच्या अलीकडे विष्णूचं जुनं पडकं देऊळ आहे. कोरीव दगड, आत गारवा आणि त्या दिवशी आत एक म्हातारा गुरव. त्यानं पळीनं तीर्थ दिलं. देवाचं पाणी काही पोरीच्या सासरचं नव्हे. मी घेतलं, प्रदक्षिणा घातली आणि पुन्हा हात पुढे केला. तिसऱ्या प्रदक्षिणेनंतर गुरवानं पळी बाजूला ठेवून तांब्याच वाकडा केला. व्याही खांबाला टेकून पाहत होते.

"लई भक्ती हाय तुमची," ते म्हणाले.

गडावर पोचलो तेव्हा माझा संयम संपला होता. काळ्या दगडाची तटबंदी, दरवाज्यावर कोरलेला नाग, आत कमरेइतकं वाळलेलं गवत. व्याही गोंड राजांबद्दल सांगायला लागले आणि मी टोपली जमिनीवर आदळली.

"इवाई, राजे मेले. तुमी जिवंत हा. पोरीले धाडता का नाई धाडत, तेवढं सांगा. एक बस म्हणून तीन आणल्या, तसं आता नोकरीचं हो म्हणून नाई करू नका."

"मी दोन सांगितल्या होत्या," व्याही शांतपणे म्हणाले. "एक तुम्ही केली."

"अन् आल्या तीन."

"दोन ठरल्या असत्या तरी तीनच आल्या असत्या. डोंगरावरची माणसं ती. लग्नाला निघालेल्या माणसाला गाडीतून कोण उतरवतं? तुम्ही तांदूळवाले, तुम्हाला अंदाज पाहिजे होता."

हे उलटं होतं आणि खरंही होतं. मी तटावर बसलो. तेही बसले, थोडे डगमगत. भुकेनं त्यांचाही चेहरा उतरला होता. मग ते आपणहून बोलायला लागले.

"आमचे वडील दुष्काळात नांदेडकडून बैलगाडीनं आले. इथं रान तोडलं, शेत काढलं. अजून जमिनीचा पट्टा नाही. आमच्या घरात लेकरू रडायला लागलं तर वाघाचं नाव घेऊन गप व्हायचं नाही. जंगलाच्या गार्डचं घेतलं की गप. गार्ड आला अशी हाळी आली की आई नांगर कडब्यात लपवायची. आता तोच खाकी कपडा मी माझ्या घरच्या दोरीवर वाळत घालू? गावातल्या लोकांनी काय समजायचं?"

हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो की सुनेनं रानात एकटं फिरायचं म्हणून ते नाही म्हणत असतील, आणि त्यावरची उत्तरं मी घाटातच तयार केली होती. ती सगळी वाया गेली. पण धंद्यात माल बदलला तर बोलणंही बदलावं लागतं.

"एटापल्लीत तुमचं शेत हाय का?"

"नाही."

"मंग तुमच्या शेताचा पंचनामा ते करन कशी? अन् हे पाहा, आजवर तुमी गार्डले पाहून पळाले. आता सणासुदीले गार्ड येऊन तुमच्या पाया पडन. साऱ्या गावासमोर."

व्याह्यांचं पोट हललं. ते हसत होते. दिवसभरात पहिल्यांदा.

"बरं," ते म्हणाले. "पण माझीबी एक अट. घरी जाऊन पाणी प्यायचं."

"रिवाज हाय जी."

"माहीत हाय. आमच्यातबी होता. आमच्या म्हाताऱ्यांनी सोडला. दहा कोसात दुसरं पाणी नसायचं, पोरीच्या बापानं प्यावं कुठं? इथं पाणी टँकरनं येतं, इवाई. तुम्ही येणार म्हणून तुमची विहीण तांब्या राखून ठेवते आणि तुम्ही त्याला नमस्कार करता. शेजारणी म्हणतात, सावलीवाल्यांना डोंगरावरचं पाणी चालत नाही. ती मागच्या खेपेलाबी रडली."

आता मी काय म्हणावं हे मला माहीत होतं. समोरच्यानं आपला भाव सांगितला की पहिली बोली कमीची टाकायची.

"एक घोट," मी म्हणालो.

"घोट मांजर पितं. जेवण."

"पाणी अन् गूळ."

"चहा, पाणी, गूळ आणि जेवण."

"चहा. कप नाई, बशी."

"दोन भाकरी."

"मी भाकर खातच नाई, भाताचा माणूस मी."

"भात तुम्हाला पुरत नाही, माहीत हाय मला. दीड भाकर."

टोमणा मी गिळला, कारण सौदा रंगात आला होता. गडावर आम्ही दोघंच होतो आणि गवतात कुठेतरी लावे पक्षी ओरडत होते. मी पाव भाकरीपासून वर चढत गेलो, ते दीडावरून खाली येत गेले. तुपावर बराच वेळ गेला. शेवटी ठरलं ते असं: पाणी एक तांब्या, चहा नाही, अर्धी भाकर, बिनतुपाची, वर पिठलं त्यांच्या मनाला येईल तेवढं. त्याबदल्यात पोरगी वेळेत रुजू होईल. आम्ही हात मिळवला. गड उतरताना मी खूश होतो. पूर्ण जेवणावरून माणसाला अर्ध्या भाकरीवर आणलं होतं, आणि पोरीचं कामही झालं होतं. वडिलांची आठवण आली, पण त्यांना मनातल्या मनात समजावलं की हे पोरीसाठी आहे.

घरी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. व्याही आत जाऊन म्हणाले, "पाणी आण. पाव्हणे पिणार हायत." तांब्या घेऊन पोरगीच आली. मी प्यायलो. एवढ्या वर्षांत मी बऱ्याच ठिकाणचं पाणी प्यायलो, त्याच्या चवीबद्दल काही सांगणार नाही. तहान लागली होती एवढंच. तांब्या खाली ठेवला तेव्हा विहीणबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या आणि मी छताकडे पाहिलं.

मग ताटं आली. माझ्या ताटात बरोबर अर्धी भाकर होती. व्याही शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतः मात्र दोन संपवून तिसरी घेतली. मी अर्धी खाल्ली आणि हात धुवायला मागच्या अंगणात गेलो.

तिथं दोरीवर खाकी शर्ट आणि खाकी पँट वाळत होती. नवीन, पोरीच्या मापाची, शिवणीचे दोरे अजून लोंबणारे. खाली भिंतीशी तिचे नवे काळे बूट ठेवले होते आणि बुटांशेजारी भरलेली बॅग.

पोरगी मागून टॉवेल घेऊन आली.

"हे कधी शिवलं?"

"सोमवारी कापड आणलं. आईंनीच आणलं. एकदा धुऊन घे, कापड आटते, म्हणाल्या." आई म्हणजे तिची सासू. "आईंनी बाबांले सांगून देल्लं, पोरगी जाईन, तुमी गिरणीवर लक्ष ठेवा. उद्या त्यांचा भाऊ जीप घेऊन येऊन राह्यला. मले सोडाले."

"सोमवारी ठरलं? आज शुक्रवार हाय. मले काऊन नाई सांगितलं?"

"सकाळी सांगत होती ना. तुमी गाडीवर बसले."

"फोनवर सांगाचं."

ती टॉवेलची घडी करत राहिली. "फोनवर सांगितलं असतं तं तुमी आले असते का?"

मी आत आलो. व्याही ताटावरून मान वर करायला तयार नव्हते. ताटात पिठलं उरलं नव्हतं, तरी बोट फिरवत होते. चार दिवसांपूर्वी बायकोपुढे हरलेला माल त्यांनी गडावर मला विकला होता, पूर्ण किमतीत. नांगर कडब्यात लपवल्याची गोष्ट खोटी नव्हती, हे मला आजही पटतं. भीती खरीच होती. ती घरात चालली नाही, तेव्हा ती वाया जाऊ न देता त्यांनी तिचा भाव वसूल केला. मी तीस वर्षं बाजारात बसलोय. असा व्यवहार मला जमला नसता.

"इवाई," मी म्हणालो, "तुमी गिरणी काऊन चालवता जी? दलालीत या."

"अजून अर्धी वाढ त्यांना," व्याही बायकोला म्हणाले, मान खालीच ठेवून.

"ठरलं तेवढं झालं," मी म्हणालो. पण विहीणबाईंनी भाकर ताटात टाकली, तीही अख्खी आणि तुपाची. आता माघार घेऊन काय मिळणार होतं? मी खाल्ली.

त्याला आता दोन वर्षं झाली. पोरगी रुजू झाली, रानात फिरते, तोडलेल्या सागाचे ठूठ मोजते, आणि सणाला घरी आली की सासऱ्याच्या पाया पडते. व्याही त्यासाठी मुद्दाम ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल अशा जागी बसतात. तिला अजून लेकरू नाही, म्हणून त्या दिवसानंतर जिवतीच्या घरी मी पुन्हा पाण्याला फक्त हात लावतो. सौदा एकदाचा होता. विहीणबाई आता रडत नाहीत, रागानं दुप्पट भांडी वाजवतात, एवढंच.

मात्र महिन्यातून एकदा मी एटापल्लीकडे तिच्या क्वार्टरला जातो आणि तिथं दोन वेळा पोटभर जेवतो, चहाही मागून घेतो. व्याह्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी एका भरल्या लग्नात मला गाठून विचारलं की हा कुठला रिवाज. मी त्यांना सांगितलं, क्वार्टर सरकारचं आहे, भाडं तिच्या पगारातून कापलं जातं, जावयाचा त्यात काही संबंध नाही. पोरगी तिथं माझी पोरगी आहे. ते म्हणाले, ही बेइमानी झाली. मी म्हणालो, असेल. त्यावर आमचं अजून मिटलेलं नाही.